घरातील धूरसूचक : शेजारच्या शहरांत नियम काय सांगतात?

राहत्या घरात धुराची सूचना देणारे यंत्र बसविणे कायद्याने बंधनकारक आहे काय, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगर, जालना, अहिल्यानगर आणि नाशिक या चार शहरांतील रहिवाशांनी आपापल्या महापालिकेच्या अग्निशमन विभागाला विचारला, तर चारही ठिकाणी जवळजवळ एकच उत्तर मिळावे अशी नियमांची रचना आहे. इमारतीची उंची किती, तिचा वापर कोणता आणि मजल्याचे क्षेत्रफळ किती, हे प्रथम पाहिले जाते. आणि इमारत तीन-चार मजल्यांची व निवासी असेल, तर अशा यंत्राची सक्ती नाही. मराठवाड्यातील व लगतच्या भागातील शहरी कुटुंबे मोठ्या संख्येने ज्या घरांत राहतात, ती घरे नेमकी याच वर्गात मोडतात.

हा प्रश्न केवळ कागदोपत्री नाही. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे चारच्या सुमारास एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा त्यात मृत्यू झाला. त्यांत दोन लहान मुले होती. आगीच्या ज्वाळा त्या मजल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या आणि मृत्यू धुराने गुदमरून झाले, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या चार्जिंगमुळे आग लागली असावी, अशी शक्यता त्या वेळी व्यक्त करण्यात आली होती. कारण काहीही असो, माणसे आगीत होरपळून नव्हे तर झोपेत धुराने गेली, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

अशा घटना एकट्या या शहरात घडलेल्या नाहीत. पिंपरी-चिंचवडमधील चिखली परिसरात पूर्णानगर येथे ३० ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे एका दुकानाला आग लागून तेथेच झोपलेल्या एकाच कुटुंबातील चौघांचा अंत झाला. मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत ६ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे खाली दुकान व वर घर असलेल्या इमारतीत एकाच कुटुंबातील सात जण दगावले. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा फाटा येथे ऑगस्ट २०२५ मध्ये फर्निचरच्या दुकानाला रात्री आग लागली आणि दुकानावरच राहणाऱ्या कुटुंबातील पाच जणांना प्राण गमवावे लागले. चार ठिकाणे, चार वेगळी प्रशासने. पण वेळ रात्रीची किंवा पहाटेची, दुकान आणि बिछाना एकाच छताखाली, आणि इमारत ठेंगणी. नियमांचा विचार करताना हे साम्य डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८ मध्ये अमलात आला आणि २००९ मध्ये त्याखालील नियम करण्यात आले. इमारतीत आग प्रतिबंधक व्यवस्था करण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने मालक किंवा भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. ही व्यवस्था शासनाचा परवाना असलेल्या संस्थेकडूनच बसवून घ्यावी लागते. संस्था काम पूर्ण झाल्यावर 'नमुना अ'मध्ये प्रमाणपत्र देते. त्यानंतर दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत व्यवस्था सुस्थितीत असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करावे लागते. कसूर झाल्यास कारावास आणि दंड अशा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

कायदा कडक आहे, यात शंका नाही. मात्र कोणत्या इमारतीत कोणती व्यवस्था हवी, हे कायद्याला जोडलेल्या अनुसूचीवरून ठरते आणि त्या अनुसूचीमागील विचार राष्ट्रीय इमारत संहितेचा आहे. भारतीय मानक ब्युरोने तयार केलेल्या या संहितेचा चौथा भाग आग व जीवसुरक्षेविषयी असून तिची आवृत्ती २००५ मध्ये आणि त्यानंतर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. संहिता स्वतः शिफारशींच्या स्वरूपाची आहे. राज्याने किंवा स्थानिक संस्थेने आपल्या नियमावलीत तिचा अंगीकार केला, की तिला बंधनकारक स्वरूप येते.

या संहितेत एक मोठा तक्ता आहे. डाव्या बाजूला इमारतींचे प्रकार व उंची, वरच्या बाजूला उपकरणे आणि प्रत्येक चौकटीत 'आवश्यक' किंवा 'आवश्यक नाही' असा शेरा. सदनिकांची इमारत १५ मीटरपेक्षा कमी उंचीची असेल, तर हाताने वापरावयाची अग्निशामके आणि पाण्याची नळी यांची अपेक्षा ठेवलेली आहे. स्वयंचलित शोधयंत्रणेच्या चौकटीत मात्र 'आवश्यक नाही' असाच शेरा आढळतो. पंधरा मीटर म्हणजे साधारणतः तळमजला आणि त्यावर चार मजले. इमारत ही रेषा ओलांडून 'उंच इमारत' ठरली, की पहिली पायरी म्हणून हाताने वाजविण्याची विद्युत धोक्याची घंटा येते आणि उंचीबरोबर पुढे तुषारसिंचन आदी अटी वाढत जातात. हाताने वाजविण्याची घंटा म्हणजे जिन्याजवळची लाल पेटी, काच फोडून दाबावयाचे बटण. ते दाबण्यासाठी कुणीतरी जागे असावे लागते, हे वेगळे सांगावयास नको.

तारांकित हॉटेलांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी संहितेने स्वयंचलित शोधयंत्रणा सांगितली आहे. अजिंठा-वेरूळ पाहावयास आलेला पर्यटक अशा हॉटेलात उतरला, तर त्याच्या खोलीच्या छताला धूरसूचक असतो. शहागंज किंवा सिटी चौकातील दुकानावर राहणाऱ्या कुटुंबाच्या छताला तो असण्याची अट कुठेही नाही. उंची आणि व्यावसायिक वापर यांना जोखमीचे माप मानल्याचा हा परिणाम आहे. उंच इमारतीतून सुटका करणे कठीण, म्हणून तेथे जादा बंदोबस्त, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु बैठ्या इमारतीत माणूस सहज बाहेर पडेल, हे त्यामागचे गृहीतक रात्री, खाली बंद शटर आणि मध्ये एकच जिना असताना टिकत नाही.

दुकान आणि घर एकत्र असलेल्या इमारतीला संहितेत संमिश्र वापराची इमारत म्हटले आहे. दोन वापर आगरोधक भिंतीने नीट विलग केलेले नसतील, तर त्यांपैकी अधिक कडक अटींचा वापर गृहीत धरावा, असे तत्त्व तेथे आहे. तत्त्व उत्तम आहे. मात्र त्याची तपासणी इमारतीचा आराखडा मंजूर होताना होते. मूळ आराखड्यात घर असलेल्या तळमजल्यावर पुढे शटर बसवून दुकान थाटले गेले, पोटमाळ्यावर कापडाचे गठ्ठे आले, जिन्याखाली दुचाकी चार्ज होऊ लागली, तर त्याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही.

शेजारी शहरे, एकच नियमावली

पूर्वी महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक शहराची विकास नियंत्रण नियमावली स्वतंत्र होती. औरंगाबादची वेगळी, नाशिकची वेगळी, पुण्याची आणखी वेगळी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली आणि बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे व अन्य काही अपवाद वगळता सर्व नियोजन प्राधिकरणे तिच्या छत्राखाली आली. आगीच्या बाबतीत ही नियमावली राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागाकडे आणि २००६ च्या अधिनियमाकडेच बोट दाखविते. त्यामुळे २०२३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झालेले जालना असो, १९८२ पासून महापालिका असलेले छत्रपती संभाजीनगर असो, की पुणे असो, घरातील धूरसूचकाविषयीचा कागदावरील नियम एकच आहे.

प्रत्यक्षात फरक दिसतो तो शहराच्या उभारणीतून. पुणे व नाशिक येथे पंधरा मीटरच्या रेषेवरील इमारतींची संख्या मोठी, साहजिकच त्या इमारतींत काही ना काही सूचना-यंत्रणा आढळते. जालना व अहिल्यानगरची वस्ती अद्याप प्रामुख्याने बैठी आणि दोन-तीन मजली आहे. छत्रपती संभाजीनगर यांच्या मधोमध. बीड बायपास, गारखेडा, पैठण रस्ता या बाजूंना उंच संकुले वाढत आहेत. गुलमंडी, शहागंज, पैठण गेट या जुन्या पेठांत मात्र खाली व्यवसाय आणि वर बिऱ्हाड ही पद्धत कायम आहे. सिडकोने वसविलेल्या 'एन' क्रमांकाच्या वसाहतींत रो-हाऊस प्रकारची घरे बरीच आहेत व त्यांनाही ही तरतूद लागू होत नाही. एकच नियम असूनही पुण्यातील रहिवासी अंशतः संरक्षित आणि जालन्यातील पूर्णतः स्वतःवर अवलंबून, अशी स्थिती त्यातून निर्माण होते.

गुंठेवारी वसाहतींचा यात स्वतंत्र उल्लेख करावा लागेल. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम २००१ चा. २०२१ मधील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. छत्रपती संभाजीनगरमध्ये अशा वसाहती विस्तीर्ण आहेत. येथील बहुतेक घरे आधी बांधली गेली व कागद नंतर झाले. आराखडा मंजुरीच्या वेळी आगीचा विचार व्हावा, ही जी अपेक्षा आहे, ती येथे मुळातच निकालात निघते. नियमितीकरणाच्या अर्जाबरोबर किमान एका धूरसूचकाची अट घातली असती, तर महापालिकेवर फारसा बोजा न पडता हजारो घरांत ते यंत्र पोहोचले असते. ही संधी यापुढेही घेता येण्यासारखी आहे.

एका शहरात अनेक हद्दी

शेजारच्या शहरांशी तुलना करताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. छत्रपती संभाजीनगर हे एका प्रशासनाखालील शहर नाही. महापालिकेच्या हद्दीला लागून छावणी परिषद आहे, तिचा कारभार केंद्र सरकारच्या कँटोन्मेंट अधिनियम, २००६ नुसार चालतो. वाळूज येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हे स्वतःच नियोजन प्राधिकरण असून त्याची नियमावली व अग्निशमन सेवा स्वतंत्र आहे. लगतच्या वाळूज महानगराचे नियोजन सिडकोकडे आले. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी उभी आहे. रस्ता ओलांडला, की बांधकामाची परवानगी देणारे कार्यालय बदलते. राहत्या घरातील धूरसूचकाची सक्ती मात्र यांपैकी कोणत्याही हद्दीत सर्वसाधारण नियम म्हणून आढळत नाही.

वाळूजमध्ये ३१ डिसेंबर २०२३ रोजी पहाटे हातमोजे बनविणाऱ्या कारखान्याला आग लागून सहा कामगार मृत्युमुखी पडले. हे कामगार कारखान्यातच झोपत असत. कागदावर ती जागा औद्योगिक, वापर मात्र रात्री निवासी. सोलापूर येथे १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. त्यातही कारखान्याच्या आवारात राहणारे मालकाचे कुटुंब होते. माणसे कोठे झोपतात, हा प्रश्न इमारतीच्या वर्गीकरणात विचारला जात नाही, हे या दोन्ही घटनांनी दाखविले.

योगायोगाने त्याच दिवशी, १८ मे २०२५ रोजी, हैदराबादेत चारमिनारजवळील गुलजार हौज भागात दागिन्यांच्या दुकानांवरील घरात आग लागून १७ जणांचा बळी गेला. त्यांत आठ मुले होती. निजामी काळापासून मराठवाड्याचा ज्या शहराशी संबंध, त्याच्या जुन्या पेठांची रचनाही आपल्या पेठांसारखीच : अरुंद प्रवेश, एकच जिना, खाली दुकान. तेलंगणात निवासी इमारतीला अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र १८ मीटर उंचीपासून आणि व्यावसायिक इमारतीला १५ मीटरपासून घ्यावे लागते. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली, की रेषा तीन मीटर वर सरकते; रेषेखालचे घर दोन्हीकडे सारखेच उघडे.

अन्यत्र काय आढळते?

दोन लगतच्या शहरांत खरोखर वेगळे नियम कसे असतात, याचे चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. क्वीन्सलंड राज्यातील कूलंगाटा आणि न्यू साऊथ वेल्समधील ट्वीड हेड्स ही जुळी शहरे असून सीमा एका रस्त्याने दाखविली आहे. न्यू साऊथ वेल्समध्ये २००६ पासून प्रत्येक घरात दर मजल्यावर किमान एक धूरसूचक सक्तीचा आहे. क्वीन्सलंडने त्यापुढे जाऊन प्रत्येक शयनगृहात, शयनगृहांना जोडणाऱ्या मार्गात आणि प्रत्येक मजल्यावर, एकमेकांशी जोडलेले धूरसूचक सांगितले. एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. ही सक्ती नव्या घरांना २०१७ पासून, भाड्याने दिलेल्या वा विकल्या जाणाऱ्या घरांना २०२२ पासून लागू झाली आणि उर्वरित सर्व घरांसाठी १ जानेवारी २०२७ ही मुदत ठरविण्यात आली.

ब्रिटनमध्येही असेच. इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियमांनी खासगी घरमालकाला भाड्याच्या घरात दर मजल्यावर एक धूरसूचक बसविणे भाग पाडले आणि २०२२ मध्ये सार्वजनिक गृहसंस्थांनाही ते लागू झाले. स्कॉटलंडने लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधील २०१७ च्या अग्निकांडानंतर अधिक व्यापक भूमिका घेतली. तेथे फेब्रुवारी २०२२ पासून मालकाचे असो वा भाड्याचे, प्रत्येक घरात दिवाणखान्यात व प्रत्येक मजल्याच्या मार्गिकेत धूरसूचक आणि स्वयंपाकघरात उष्णतासूचक असावा लागतो.

जपानची पद्धत आपल्याला अधिक जवळची वाटावी. तेथे २००४ मध्ये अग्निशमन कायद्यात दुरुस्ती होऊन नव्या घरांना जून २००६ पासून धूरसूचक बंधनकारक झाला. जुन्या घरांची मुदत व तपशील ठरविण्याचे काम स्थानिक संस्थांकडे देण्यात आले, पण ते २०११ च्या मध्यापर्यंत पूर्ण होणे आवश्यक होते. शयनगृह आणि जिना हा देशभरचा किमान नियम. टोकियोने त्यात इतर राहत्या खोल्या व स्वयंपाकघर यांची भर घातली. केंद्राने पाया घालावा आणि शहराने त्यावर आपल्या गरजेप्रमाणे मजला चढवावा, अशी ही व्यवस्था आहे. आपल्याकडेही महापालिकांना ते अशक्य नाही.

या सर्व देशांतील नियमांत इमारतीची उंची हा पहिला प्रश्न नाही. मनुष्य कोठे झोपतो आणि धूर त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने येईल, हा तो प्रश्न आहे. भारतातही आकडे त्याच दिशेने जातात. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२० मध्ये देशात आगीच्या दुर्घटनांत ९,११० मृत्यू झाले व त्यांपैकी निम्म्याहून अधिक निवासी इमारतींत झाले.

यंत्र आणि त्याचा उपयोग

बाजारात दोन वस्तू मिळतात आणि ग्राहकाची त्यांत गल्लत होते. एक असते ते केवळ शोधक, म्हणजे 'डिटेक्टर'. ते तारेने नियंत्रण पेटीला जोडलेले असते आणि पेटी चालू नसेल तर त्याचा आवाज येत नाही. मोठ्या इमारतींसाठीच्या अशा यंत्रणेची निवड, उभारणी व देखभाल भारतीय मानक २१८९ प्रमाणे करावयाची असते. दुसरे असते ते घरगुती 'स्मोक अलार्म'. शोधक, बॅटरी व भोंगा हे तिन्ही त्याच तबकडीत बसविलेले असते. वायरिंगची गरज नाही, दोन स्क्रूंवर काम भागते आणि खर्च एखाद्या साध्या मोबाइल संचापेक्षा कमी. दोन-तीन खोल्यांच्या घराला हेच पुरेसे. खरेदी करताना युरोपीय मानक 'ईएन १४६०४' किंवा अमेरिकी मानक 'यूएल २१७' याचा शिक्का पाहावा. भोंग्याचा आवाज तीन मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास असणे अपेक्षित आहे. बंद दाराआड झोपलेल्या वृद्धांना तेवढाही कमी पडू शकतो.

धूर ओळखण्याच्या पद्धतीही दोन आहेत. प्रकाशीय प्रकारात तबकडीच्या आतील कप्प्यात प्रकाशाचा झोत सोडलेला असतो. धुराचे कण आत शिरले, की प्रकाश विखुरतो आणि भोंगा वाजतो. आयनीकरण प्रकारात अमेरिसियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश वापरतात. त्यावर आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे आणि टाकून देताना तो साध्या कचऱ्यात जाऊ नये. गादी, कापूस, कापडाचे गठ्ठे, वायरचे वेष्टन अशा धुमसत राहणाऱ्या वस्तूंचा धूर प्रकाशीय प्रकार लवकर टिपतो. कापडबाजाराच्या शहरात निवड कोणती करावी, हे त्यावरून ठरावे.

आपल्या घरांत या यंत्रापुढे वेगळ्या अडचणी असतात. परदेशी मुलाकडे काही महिने राहून आलेल्या आजी-आजोबांना फोडणी पडताच किंचाळणारे हे यंत्र चांगलेच ठाऊक असते. उदबत्ती, धूप, डास पळविण्याची वेटोळी, थंडीत बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी, या सगळ्यांनी खोटा इशारा मिळतो आणि दोन-चार वेळा तसे झाले, की घरातील कुणीतरी बॅटरी काढून ठेवतो. यावर उपाय जागेच्या निवडीत आहे. स्वयंपाकघरात धूरसूचक लावू नये; तेथे ठराविक तापमानाला वाजणारा उष्णतासूचक लावावा. देवघरासमोरची जागाही टाळावी. पहिला धूरसूचक झोपण्याच्या खोलीबाहेरील मार्गात आणि खाली दुकान असेल तर जिन्याच्या माथ्यावर हवा. धूर वर चढतो आणि जिना हेच त्याचे धुराडे ठरते. तबकडी छताला, भिंतीच्या कोपऱ्यापासून सुमारे एक फूट दूर बसवावी. छताच्या पंख्याजवळ ती नको, कारण पंख्याचा वारा धूर बाजूला सारतो आणि मराठवाड्यात वर्षातील आठ महिने पंखा रात्रभर चालूच असतो.

दुकानावर राहणाऱ्या कुटुंबाने याहून एक पाऊल पुढे जाणे इष्ट. आग खाली लागते आणि माणसे वर झोपतात, म्हणून एक यंत्र दुकानात व एक घरात असे, बिनतारी जोडणीचे दोन संच बसवावेत. खालच्याला धूर लागताच वरचा वाजतो. धूर जिना चढून येईपर्यंत वाट पाहावी लागत नाही आणि जी तीन-चार मिनिटे हाती लागतात, त्यांतच बाहेर पडणे शक्य असते. विजेवरील दुचाकीची बॅटरी चार्ज होत असेल, त्या जागीही एक यंत्र असावे. लिथियम बॅटरी पेटली, की विषारी धूर अल्पावधीत भरतो. अशी बॅटरी जिन्याखाली किंवा एकमेव दाराजवळ चार्ज करू नये, हे त्याहूनही महत्त्वाचे.

देखभाल अगदी थोडी आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐकावा. धुळीच्या दिवसांत, विशेषतः उन्हाळ्यानंतर, जाळी कोरड्या कुंच्याने झाडावी. बॅटरी उतरली की यंत्र अधूनमधून टिकटिक करते. ती तक्रार नसून विनंती असते, तेव्हा बॅटरी त्याच दिवशी बदलावी. दहा वर्षांनी पूर्ण यंत्रच बदलावे लागते, कारण आतील शोधक मंदावतो. घडणीची तारीख पाठीमागे छापलेली असते.

उंच संकुलांत राहणाऱ्यांनी निराळी गोष्ट तपासावी. तेथे यंत्रणा बसविलेली असते, परंतु खोट्या इशाऱ्यांना कंटाळून नियंत्रण पेटी बंद ठेवण्याची किंवा भोंगा तोडून ठेवण्याची प्रवृत्ती अनेक संस्थांत दिसते. संस्थेच्या सचिवांकडे गेल्या जानेवारी किंवा जुलैचे 'नमुना ब' प्रमाणपत्र मागण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. प्रमाणपत्र असेल, तर पेटीवरील दिवे प्रत्यक्ष पाहावेत. नसेल, तर विषय सर्वसाधारण सभेपुढे आणावा. घरातील स्वतंत्र धूरसूचक बसविण्यासाठी संस्थेच्या परवानगीची गरज भासत नाही. भाडेकरूंनी घरमालकाची वाट पाहू नये; ते यंत्र घर सोडताना काढून नेता येते.

धूरसूचक आग विझवीत नाही आणि दारही उघडत नाही. खिडकीला पक्की जाळी, खाली बाहेरून कुलूपबंद शटर आणि जिन्यात मालाचे खोके असतील, तर भोंगा वाजूनही उपयोग मर्यादित राहतो. जाळीला आतून उघडणारी एक झडप, तिची किल्ली ठरलेल्या खिळ्यावर आणि गच्चीचे दार रात्री आतून सहज उघडेल असे, एवढी तयारी यंत्राबरोबरच करावी. धूर भरला असता उभे न राहता जमिनीलगत सरकत जावे, मागे काही घ्यावयास परतू नये आणि बाहेर आल्यावरच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. छावणी, वाळूज वा महापालिका, यांपैकी हद्द कोणाची याचा विचार दूरध्वनी करणाऱ्याने करू नये. पत्ता सांगताना जवळची ओळखीची खूण आणि गल्लीत बंब शिरेल की नाही, हे दोन तपशील आधी सांगावेत.